पाच खणांचा इंग्रजी शब्द कसा शोधायचा

नाशिकरोडहून शालिमारला येणारी सिटीलिंक द्वारकेच्या चौकात नेहमीसारखी अडकली होती. भाची फोनवर वर्डल, म्हणजे पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा खेळ, खेळत होती. तिने फोन माझ्या नाकासमोर धरला. "मामा, दुसरा खण ओ, शेवटचा ई, आणि आर आहे पण कुठे ते कळत नाहीये. दोनच डाव उरलेत. सांग ना."

मी तोंडातल्या तोंडात रोप, रोझ, होम असं पुटपुटत बसलो. "अरे, ते सगळे चार अक्षरी आहेत," ती वैतागली. शेजारी उभा असलेला कंडक्टर तिकिटं फाडता फाडता म्हणाला, "हॉर्स टाका की, ताई." शब्द बरोबर बसत होता, पण एच आधीच उडालेला. शेवटी डाव संपले आणि उत्तर दिसलं: आर-ओ-यू-टी-ई. रूट. ज्या बसमध्ये आम्ही बसलो होतो तिच्या कपाळावर रूट नंबर लिहिलेला होता आणि तो शब्द आम्हा तिघांनाही सुचला नाही.

का सुचला नाही? कारण आम्ही 'ओ' ऐकत होतो. रूट म्हणताना ओ ऐकूच येत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या माणसाची पहिली अडचण हीच असते, आणि हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी आहे. अमुक इतक्या अक्षरांचा, अमुक अक्षर अमुक जागी असलेला इंग्रजी शब्द शोधायचा असेल, मग तो वर्डलसाठी असो, शब्दकोड्यासाठी किंवा बँकेच्या परीक्षेसाठी, तर आधी कान बंद करायचे आणि डोळे उघडायचे.

वाचताना जवळ कागद-पेन्सिल ठेवा. इथे मी शब्द एकेका अक्षराने फोडून लिहिले आहेत. ते तुम्ही कागदावर इंग्रजी अक्षरांत उतरवून बघा, निव्वळ वाचून डोक्यात बसणार नाहीत.

आधी मोजायचं कसं

हसू नका, इथेच बरेच जण चुकतात. आपण अक्षर म्हणतो तेव्हा काना-मात्रेसकट मोजतो. 'प्रकाश' तीन अक्षरी. तोच इंग्रजीत लिहिला की सात खण लागतात. 'नाशिक' आपल्या हिशेबाने तीन, इंग्रजीत सहा. जुन्या कागदपत्रांवर एच नसलेलं नासिक दिसतं, ते बरोबर पाच खणांत बसतं. पण विशेषनामं या खेळांत चालत नाहीत, तेव्हा तो मोह नको.

उलटंही होतं. 'लाईट' म्हणताना फार तर एल, आय, टी एवढंच कानावर येतं. लिहिताना मध्ये जी आणि एच मुकाट्याने येऊन बसतात आणि शब्द पाच खणांचा होतो. म्हणून पहिले आठ-दहा दिवस शब्द सुचला की बोटांवर मोजू नका. कागदावर पाच चौकोन काढा आणि त्यांत लिहा. एक चौकोन कमी पडला किंवा उरला की लगेच दिसतं.

चौकोनांखाली तीन ओळी ठेवा. पहिलीत जागा पक्की झालेली अक्षरं. दुसरीत आहेत पण जागा चुकलेली, आणि प्रत्येकासमोर ते कुठे *नाही* हे लिहायचं. तिसरीत उडालेली. नवखा माणूस तिसरी ओळ लिहीत नाही आणि चौथ्या डावात उडालेलंच अक्षर पुन्हा वापरतो. माझी भाची आजही करते.

वर्डलचे नियम अगदी थोडक्यात. रोज एक पाच अक्षरी शब्द, सहा डाव. टाकलेलं अक्षर बरोबर जागी असेल तर हिरवं, शब्दात असेल पण जागा चुकली तर पिवळं, नसेल तर करडं. मूळचा वेल्सचा आणि ब्रुकलिनमध्ये राहणारा इंजिनिअर जॉश वॉर्डल याने तो बनवला. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला आणि जानेवारी २०२२ अखेर न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला. कल्पना मात्र जुनी आहे, पाच अक्षरी शब्द ओळखायचा जॉटो हा खेळ १९५५ सालचा.

कोणती अक्षरं आधी विचारायची

माझे वडील भद्रकालीतल्या एका छोट्या छापखान्यात कंपोझिटर होते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि सातपूरच्या कारखान्यांची इंग्रजी लेटरहेडं. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायचो. खिळ्यांची, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांची, लाकडी केस म्हणजे खणाखणांचा एक मोठा ट्रे, आणि इंग्रजी केसमध्ये सगळे खण सारखे नसायचे. ईचा खण सगळ्यांत मोठा, अगदी मध्यावर, हात सहज पडेल तिथे. झेड आणि क्यूचे खण कोपऱ्यात, चिमटीएवढे. मी एकदा विचारलं, ईचेच एवढे खिळे कशाला? वडील म्हणाले, "तेच आधी संपतात."

या एका वाक्यात अर्धी विद्या आहे. स्मॉल आणि कॅपिटल अक्षरांना लोअर केस, अप्पर केस म्हणतात तेही याच ट्रेंमुळे, एक खाली एक वर ठेवलेला असायचा म्हणून. तारेची सांकेतिक लिपी तयार होत असताना मोर्सचा सहकारी आल्फ्रेड व्हेल एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात जाऊन कुठल्या अक्षराचे किती खिळे ठेवतात ते पाहून आला, असं सांगतात. ईला नुसता एक ठिपका आणि टीला नुसती एक रेघ मिळाली ती उगाच नाही. पुढे अक्षरांच्या ठोकळ्यांचा स्क्रॅबल हा खेळ बनवणाऱ्या आल्फ्रेड बट्सनेही वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजली. म्हणून त्या खेळात १०० ठोकळ्यांपैकी ईचे १२ आहेत आणि त्यांची किंमत प्रत्येकी १ गुण. क्यू आणि झेड एकेकच, पण किंमत १० गुण.

वर्डलचं मोजमाप थोडं वेगळं येतं, कारण तिथे चालू मजकूर नसतो, फक्त पाच अक्षरी शब्द असतात. मूळ खेळात २३१५ उत्तरं होती. त्यांत ई १२३३ वेळा, ए ९७९, आर ८९९, ओ ७५४, टी ७२९, एल ७१९, आय ६७१ आणि एस ६६९ वेळा येतं. खालून पाहिलं तर जे २७, क्यू २९, एक्स ३७, झेड ४०. चालू मजकुरात टीचा नंबर ईनंतर लगेच लागतो, कारण 'द', 'दॅट', 'धिस' असे शब्द पावलोपावली येतात. पाच अक्षरी शब्दांत मात्र आर त्याच्या पुढे जातो. आकडे पाठ करायची गरज नाही. ई, ए, आर, ओ, टी, एल, आय, एस, एन हे नऊ खण मोठे, एवढं लक्षात ठेवलं तरी चालेल.

आता पहिला शब्द. इथे दोन तट आहेत. एक तट 'अदियू' वाला: ए-डी-आय-ई-यू, एका फटक्यात चार स्वर. दुसरा 'स्लेट' वाला: एस-एल-ए-टी-ई. मी दुसऱ्या तटात आहे आणि वाद घालायला तयार आहे. स्वर जवळजवळ प्रत्येक शब्दात असतातच. 'ए आहे' हे कळून फारसं काही उलगडत नाही. शब्द वेगळे पडतात ते व्यंजनांमुळे. शिवाय यू हे अक्षर नऊ मोठ्या खणांत नाहीच, त्याच्यावर पहिला डाव कशाला घालवायचा? आणि स्लेट म्हणजे पाटी. पाचही करडी आली तर पाटी कोरी, आणि तेही वाईट नाही, कारण पाच मोठी अक्षरं एका झटक्यात उडालेली असतात. नाशिककरांना द्राक्षांनी सुरुवात करायची असेल तर जी-आर-ए-पी-ई सुद्धा चालेल, त्यात आर, ए, ई तिन्ही आहेत.

रोज एकच शब्द टाकावा की बदलावा? एकच टाका. त्याचे परिणाम हळूहळू ओळखीचे होतात, जसा रोजचा रस्ता होतो.

अक्षरांची सोबत

मोठे खण कळले की पुढचा प्रश्न: कोण कुणाशेजारी बसतं आणि कुठे. यात थोडं रमलं पाहिजे, कारण इथेच खरी शिकार होते.

वर म्हटलेल्या २३१५ उत्तरांच्या यादीत एसने सुरू होणारे शब्द ३६६ आहेत, त्यानंतर सी १९८ आणि बी १७३. शेवटच्या जागी ई ४२४ वेळा आणि वाय ३६४ वेळा. मग टी, आर. पण शेवटी एस मात्र फक्त ३६ शब्दांत, कारण नुसता एस लावून केलेली साधी अनेकवचनं मूळ उत्तरांत ठेवलेली नव्हती. अंदाज म्हणून टाकता येतात, उत्तर म्हणून येण्याची आशा धरू नये.

वाय शेवटी इतक्यांदा येतो हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. 'एकही स्वर सापडत नाही' अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी विचारतो, वाय विचारलास का? एन-वाय-एम-पी-एच, निम्फ, यात पाच स्वरांपैकी एकही नाही, सगळं काम वाय करतो.

जोड्या बघा. सुरुवातीला एसटी, टीआर, सीआर, बीएल, सीएच, एसएच, टीएच. शेवटी सीएच, एसएच, टीएच, सीके, एनजी, एनडी, एनटी. सीके कधी सुरुवातीला येत नाही. क्यूनंतर यू येतोच, स्क्रॅबलमधले काही चमत्कारिक शब्द सोडून द्या. व्ही आणि जे सहसा शेवटी बसत नाहीत. 'व्ह' ऐकू आला तर त्याच्यामागे एक मुका ई असतो, जी-आर-ओ-व्ही-ई, ग्रोव्ह. म्हणजे व्ही चौथ्या जागी सापडला तर पाचवा ई धरून चाला.

आता कानाचा घोळ. आपला 'क' घ्या. मराठीत क म्हणजे क, पुढे प्रश्न नाही. इंग्रजीत तोच आवाज सी लिहितो (सी-ए-बी-आय-एन), के लिहितो (के-ए-वाय-ए-के, पहिला आणि शेवटचा दोन्ही), सीके लिहितात (टी-आर-यू-सी-के), सीएच लिहितात (सी-एच-ए-ओ-एस, केऑस), आणि क्यू लिहितो (क्यू-यू-आय-सी-के, यात तर दोन प्रकारचे क एकाच शब्दात). 'फ'चंही तसंच: एफ, पीएच आणि जीएच. आर-ओ-यू-जी-एच, रफ. यात एफचा मागमूस नाही. म्हणून सी उडाला की क उडाला असं समजायचं नाही.

माझ्या वहीत प्रत्येक आवाजाला एक पान आहे. क चं पान, फ चं पान, ज चं पान: जे आणि जी, शिवाय आर-आय-डी-जी-ई सारखं डीजीई. शब्द भेटला की त्या पानावर टाकायचा. पहिल्या महिन्यात एवढं जरी केलंत तरी फरक कळेल.

कांद्याची गोष्ट

नाशिक जिल्ह्याचे दोन लाडके माल, द्राक्ष आणि कांदा, इंग्रजीत दोन्ही पाच अक्षरी. पैकी कांदा लासलगावात रडवतो तसाच खणांतही रडवतो. पूर्ण डाव दाखवतो.

उत्तर आहे ओ-एन-आय-ओ-एन, अर्थात हे आपल्याला माहीत नाही. पहिला शब्द स्लेट. पाचही करडी. एस, एल, ए, टी, ई गेले. घाबरायचं नाही.

दुसरा डाव अशा शब्दाचा हवा ज्यात उरलेले मोठे खण असतील: आर, ओ, आय, एन, आणि वाय. ही पाचही अक्षरं एकाच शब्दात मिळतात. आय-आर-ओ-एन-वाय, आयर्नी. टाकला. आय पिवळा, ओ पिवळा, एन पिवळा. आर आणि वाय करडे.

आता कागद. आहेत: आय, पण पहिला नाही. ओ, पण तिसरा नाही. एन, पण चौथा नाही. नवख्याला लगेच 'गोइंग' आणि 'डूइंग' आठवतात: जी-ओ-आय-एन-जी, डी-ओ-आय-एन-जी. दोन्हींत एन चौथ्या जागी, म्हणजे बाद. दुसऱ्या ओळीसमोर 'कुठे नाही' लिहायला सांगितलं ते याचसाठी. मग सुचतात बिंगो, डिंगो आणि यू-एन-आय-ओ-एन, युनियन. बिंगो आणि डिंगो भावंडं आहेत, पहिल्या अक्षराचाच फरक. युनियन वेगळा आहे, तो आधी विचारावा.

तिसरा डाव युनियन. यू करडा, बाकी चार हिरवे! रिकाम्या पहिल्या खणात आता काय? बी? डी? पी? भाची दहा मिनिटं ए टू झेड म्हणत बसली होती आणि ओ म्हणताना दर वेळी पुढे जायची, कारण तिच्या मते ओ तर चौथ्या जागी 'वापरून झाला' होता. एकच अक्षर दोनदा येऊ शकतं हे माहीत असूनही ऐन वेळी डोक्यात येत नाही. वर 'अनियन' म्हणताना सुरुवातीला ओ ऐकू येतच नाही, 'अ' येतो. कान आणि डोळ्यांचं भांडण पुन्हा.

दुहेरी अक्षरांचे रंगही समजून घ्या. समजा उत्तर आंबा आहे, एम-ए-एन-जी-ओ, आणि तुम्ही टाकलात कांदा. आंब्यात ओ एकच, कांद्यात दोन. पहिला ओ पिवळा होईल, चौथा करडा. पहिला एन पिवळा, पाचवा करडा. चौथा ओ करडा दिसला म्हणून 'ओ नाही' असं लिहून मोकळे होऊ नका. त्याचा अर्थ एवढाच की दुसरा ओ नाही, आणि असलेला पहिल्या वा चौथ्या जागी नाही.

भावकीचा सापळा

माझी सलग ऐंशीच्या वर दिवसांची मालिका एका शब्दाने मोडली. दुसऱ्याच डावात चार हिरवे आले होते: रिकामा खण, मग आय-जी-एच-टी. मी मिशीला पीळ दिला. लाईट टाकून झालेला होता. मग फाईट, माईट, नाईट, राईट. चार डाव गेले आणि उत्तर निघालं साईट, एस-आय-जी-एच-टी.

एका शेवटाचे इतके भाऊबंद असले की एकेक विचारत बसणं म्हणजे गंगाघाटावर हरवलेल्या मुलाला नावाने हाका मारत फिरणं. त्यापेक्षा एक डाव मुद्दाम 'फुकट' घालवायचा. उरलेल्या भावांची वेगळी पडणारी अक्षरं काढा: एफ, एम, एन, आर, एस, टी, ई (एट, म्हणजे ई-आय-जी-एच-टी, तोही याच घरातला). आता यांतली जास्तीत जास्त अक्षरं असलेला कुठलाही शब्द शोधा, तो उत्तर नसला तरी चालेल. टी-ई-आर-एम-एस, टर्म्स. पाच अक्षरांत पाच भाऊ तपासले गेले. ई पिवळा आला तर एट. आर पिवळा तर राईट, एम पिवळा तर माईट, एस पिवळा तर साईट. पहिला टी हिरवा आला तर टाईट. फक्त टी पिवळा आणि बाकी सगळं करडं, तर फाईट किंवा नाईट. म्हणजे तिसरा डाव फुकट घालवून, नशीब कितीही फुटकं असलं तरी, पाचव्यात घर गाठता येतं.

एक अट: खेळात 'हार्ड मोड' चालू असेल तर मिळालेल्या खुणा पुढच्या प्रत्येक डावात वापराव्याच लागतात, तेव्हा ही युक्ती चालत नाही. नवख्यांनी तो बंदच ठेवावा. मर्दुमकी दाखवायला पुष्कळ आयुष्य पडलं आहे.

अशी आणखी घरं वहीत लिहून ठेवा. ए-टी-सी-एच: बॅच, कॅच, हॅच, लॅच, मॅच, पॅच, वॉच. ओ-यू-एन-डी: बाउंड, फाउंड, हाउंड, माउंड, पाउंड, राउंड, साउंड, आणि वूंड (डब्ल्यू-ओ-यू-एन-डी, लिहायला त्यांचाच भाऊ, ऐकायला परका). पहिल्या घरासाठी फोडणारा शब्द कोणता हे घरी करून बघा; मी सी-एल-ए-एम-पी वापरतो.

शाळेतलं स्पेलिंग आणि अमेरिकेतलं

आपण शाळेत ब्रिटिश स्पेलिंग शिकलो. रंगाला आपण सहा अक्षरं लावतो, अमेरिकेत त्यातला यू काढून पाच. ऑनर, लेबर, ह्यूमर, फेवर यांचंही तेच: आपल्याकडे सहा, तिकडे पाच. वर्डल अमेरिकन स्पेलिंगने चालतो. म्हणजे ज्या शब्दाला तुम्ही 'हा सहा अक्षरी' म्हणून बाजूला टाकता तो उत्तर असू शकतो, आणि ह्यूमर खरोखरच आलेला आहे. तंतू (फायबर) किंवा मीटर या शब्दांची लांबी बदलत नाही, शेवटच्या दोन अक्षरांची अदलाबदल होते: आपल्याकडे आर-ई, तिकडे ई-आर. शब्दकोडं ब्रिटिश वळणाचं असेल तर हेच उलटं धरायचं. स्क्रॅबलमध्ये कुठल्या यादीने खेळायचं ते आधीच ठरवून घ्यावं, नाहीतर दिवाळीत घरात कांदेपोहे थंड होतात आणि डोकी गरम.

परीक्षेला बसणाऱ्यांसाठी

भाची कॉलेज रोडच्या एका अभ्यासिकेत बँकेच्या परीक्षेची तयारी करते. तिथल्या रीझनिंगच्या पेपरात एक ठरलेला प्रश्न असतो: दिलेल्या शब्दातलं दुसरं, चौथं, सहावं अक्षर घेऊन किती अर्थपूर्ण इंग्रजी शब्द होतात, प्रत्येक अक्षर एकदाच वापरून? पर्याय: एकही नाही, एक, दोन, तीन, तीनपेक्षा जास्त.

कॉम्प्युटर घ्या. सी-ओ-एम-पी-यू-टी-ई-आर. दुसरं ओ, चौथं पी, सहावं टी. बहुतेक मुलं पॉट, टॉप लिहितात आणि 'दोन' वर टिक मारून पुढे जातात. ओ-पी-टी, ऑप्ट, राहून जातो, कारण सवयीने आपण स्वर मध्येच ठेवतो. म्हणून क्रम पाळा: स्वर आधी मध्ये ठेवून बघा, मग सुरुवातीला, मग शेवटी. उत्तर तीन. त्यात एक एस वाढवला की एकदम सहा होतात: पोस्ट, पॉट्स, टॉप्स, स्टॉप, स्पॉट, ऑप्ट्स. स्वर एकही आला नाही आणि वायसुद्धा नसेल तर 'एकही नाही' वर जायला वेळ लावू नका.

अक्षरं एका ओळीत लिहून बघत बसलात तर डोळा तोच क्रम पुन्हा पुन्हा वाचतो. ती गोलात लिहा, घड्याळासारखी. वडील खिळे उलटे वाचायचे, उजवा-डावा बदललेले. ते म्हणायचे की उलटं वाचताना शब्द दिसतच नाही, अक्षरं दिसतात. इथे नेमकं तेच हवं आहे.

एका क्लासच्या छापील नोट्समध्ये चार अक्षरी शब्दांची यादी होती, तिच्यात मला तीन शब्द पाच अक्षरी सापडले. पैसे देऊन घेतलेली यादीसुद्धा एकदा मोजून घ्या.

यादी स्वतः चाळायची असेल तर

खेळताना नव्हे, अभ्यास करताना. इंग्रजी शब्दांच्या मोफत याद्या मिळतात. एनेबल नावाची एक आहे, पावणेदोन लाखांच्या आसपास शब्दांची, कुणाच्या मालकीची नसलेली. ती एक्सेलच्या पहिल्या रकान्यात ओता. शेजारच्या रकान्यात लेन हे सूत्र लावा, ते अक्षरं मोजून देतं. फिल्टर लावून फक्त ५ ठेवा.

मग शब्दांच्या रकान्यावर टेक्स्ट फिल्टर. तिथे प्रश्नचिन्ह म्हणजे कुठलंही एक अक्षर. आमचा बसमधला शब्द शोधायचा तर: प्रश्नचिन्ह, ओ, प्रश्नचिन्ह, प्रश्नचिन्ह, ई, मध्ये जागा न सोडता. जोडीला दुसरी अट 'कंटेन्स' आर. रूटसोबत फोर्स, फोर्ज, गॉर्ज, हॉर्स, वर्स, राउझ असे सगळे एका रांगेत उभे राहतात. रांग वाचताना प्रत्येक शब्द मनात म्हणा आणि बघा, कितींमध्ये ओ खरंच 'ओ' ऐकू येतो. वर्समध्ये नाही, रूटमध्ये नाही. यादीत असे शब्दही येतील जे उभ्या जन्मात कुणी वापरले नसतील. ते सोडून द्या. अर्थ बघायचा तर मोबाइलपेक्षा जाडी डिक्शनरी बरी, कारण एक शब्द शोधताना वरचे-खालचे चार नजरेखालून जातात. घरी नसेल तर नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसा; १८४० पासून तिथे लोक हेच करत आले आहेत.

एक शेवटचं, खेळापेक्षा घरच्या शांततेसाठी. नवा शब्द ज्याच्या-त्याच्या घड्याळात रात्री बारा वाजता येतो. नाशिकमध्ये बारा वाजले आणि तुम्ही उत्साहात उत्तर फॅमिली ग्रुपवर टाकलंत, तर न्यूजर्सीतल्या पुतण्याकडे तेव्हा आदल्या दिवसाची दुपार असते, उन्हाळ्यात अडीच. त्याचा तो शब्द अजून उजाडायचा असतो. रंगांचे चौकोन टाका, शब्द टाकू नका. आमच्याकडे यावरून एक काका ग्रुप सोडून गेले आहेत.